सेपा : युरो देयकांची सामाईक पद्धती आणि उद्योगसंस्थांची पूर्वतयारी

युरो चलन वापरणाऱ्या देशांमध्ये १ फेब्रुवारी २०१४ नंतर जुन्या राष्ट्रीय पद्धतीने पैसे पाठविण्यास अथवा वसूल करण्यास बँकांना मनाई करण्यात येणार होती. ही तारीख दोन वर्षे आधी जाहीर झालेली होती. तरीही तिला जेमतेम तीन आठवडे उरले असताना, ९ जानेवारी २०१४ रोजी, युरोपीय आयोगाने आणखी सहा महिन्यांच्या सवलतीचा प्रस्ताव मांडला. नोव्हेंबर २०१३ च्या आकडेवारीनुसार एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठविण्याच्या व्यवहारांपैकी सुमारे ६४ टक्के व्यवहार नव्या पद्धतीने होत होते. ग्राहकाच्या खात्यातून थेट वसुली करण्याच्या व्यवहारांत मात्र हे प्रमाण केवळ २६ टक्के होते. उरलेले व्यवहार बँकांनी नियमावर बोट ठेवून परत पाठविले असते, तर घरभाडी, विजेची देयके, विम्याचे हप्ते आणि असंख्य लहान उद्योगांची मासिक आवक एकाच दिवशी अडकून पडली असती. युरोपीय संसद आणि मंत्रिपरिषद यांनी फेब्रुवारी महिन्यात या प्रस्तावास मान्यता दिली. मूळ मुदत कागदोपत्री कायम राहिली; मात्र १ ऑगस्ट २०१४ पर्यंत जुन्या पद्धतीचे व्यवहार स्वीकारण्याची मुभा बँकांना मिळाली. अखेरच्या क्षणी जाग येणे ही केवळ आपल्याकडची सवय नव्हे, हे यावरून दिसून आले.

या पद्धतीचे पूर्ण नाव सिंगल युरो पेमेंट्स एरिया, म्हणजेच एकल युरो देयक क्षेत्र, असे असून ती ‘सेपा’ या लघुनामाने ओळखली जाते. प्रमाणित आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक देयकांसाठी एखाद्या उद्योगसंस्थेने कोणती तयारी करावी लागते, याचे सर्वांत मोठे आणि तपशीलवार नोंदले गेलेले उदाहरण म्हणून सेपाकडे पाहता येते.

युरो हे चलन १ जानेवारी १९९९ रोजी हिशेबात आणि १ जानेवारी २००२ रोजी नोटा व नाण्यांच्या रूपाने व्यवहारात आले. नोट सर्वत्र एकच झाली, तरी बँकेतील पैसा आपापल्या देशाच्या चाकोरीतच फिरत राहिला. प्रत्येक देशात खाते क्रमांकाची रचना, संगणकीय फाइलचा नमुना, वसुलीचे कायदे आणि पैसे पोहोचण्यास लागणारा वेळ हे सर्व वेगवेगळे होते. त्यामुळे चार देशांत माल विकणाऱ्या कंपनीला चार देशांत खाती उघडावी लागत. सीमेपलीकडील व्यवहाराला देशांतर्गत व्यवहाराइतकेच शुल्क आकारावे, असा नियम २००१ मध्ये करण्यात आला. तो कार्डांसाठी जुलै २००२ पासून, तर खात्यांमधील हस्तांतरणासाठी जुलै २००३ पासून लागू झाला. परदेशी व्यवहाराचा खर्च जास्त आणि शुल्क देशांतर्गत दराचे, अशी स्थिती निर्माण झाल्यामुळे बँकांनाच सामाईक यंत्रणेची निकड भासली. २००२ मध्ये ब्रुसेल्स येथे युरोपियन पेमेंट्स कौन्सिल ही बँकांची संस्था स्थापन झाली. तिने तयार केलेल्या नियमपुस्तिकेनुसार २८ जानेवारी २००८ रोजी सेपा हस्तांतरण आणि २ नोव्हेंबर २००९ रोजी सेपा थेट वसुली या योजना सुरू झाल्या. मात्र जुन्या पद्धती चालू असेपर्यंत नव्या पद्धतीकडे वळण्याची घाई कोणालाच नव्हती. अखेर २०१२ मध्ये कायदा करून जुन्या पद्धती बंद करण्याची तारीख ठरविण्यात आली.

खाते क्रमांकांची उजळणी

या स्थित्यंतरात उद्योगसंस्थांपुढे आलेले पहिले काम वरकरणी अगदी साधे होते. ग्राहक, पुरवठादार आणि कर्मचारी यांचे जुने खाते क्रमांक बदलून त्यांच्या जागी आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, म्हणजे आयबॅन, नोंदवावयाचे होते. आयबॅनची लांबी देशागणिक बदलते. नॉर्वेत ती १५, नेदरलँड्समध्ये १८, जर्मनीत २२, स्पेनमध्ये २४, फ्रान्स व इटलीत २७, तर माल्टात ३१ वर्णांची असते. कमाल मर्यादा ३४ वर्णांची आहे. त्यामुळे दहा-बारा अंकांसाठी आखलेला संगणकातील रकाना आणि छापील अर्जावरील चौकटी या दोन्ही निरुपयोगी ठरल्या.

रचनेचे उदाहरण म्हणून माहितीपुस्तिकांमध्ये नेहमी दिला जाणारा जर्मन क्रमांक पाहता येईल : डीई८९ ३७०४ ००४४ ०५३२ ०१३० ००. यातील ‘डीई’ ही जर्मनीची खूण असून ८९ हे पडताळणीचे अंक आहेत. त्यापुढील आठ अंक बँकेचे व अखेरचे दहा अंक खात्याचे आहेत. पडताळणी करताना पहिले चार वर्ण उचलून शेवटी ठेवले जातात, अक्षरांच्या जागी अंक घातले जातात (‘डी’साठी १३, ‘ई’साठी १४) आणि तयार झालेल्या संख्येस ९७ ने भागले जाते. बाकी १ उरली तर क्रमांकाची रचना बरोबर आहे, असे समजावे. टंकलेखनात एखादा अंक चुकला अथवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही कसोटी ते तत्काळ पकडते. भारतातील आयएफएससी संकेतांक बँक व शाखा सांगतो, परंतु खाते क्रमांक अचूक आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. आयबॅनमध्ये ती सोय मुळातच आहे.

जुन्या क्रमांकावरून सूत्राने आयबॅन तयार करता येईल, असा अनेक कंपन्यांचा समज होता. स्पेनमध्ये तो बव्हंशी खरा ठरला, कारण तेथील वीस अंकी क्रमांकापुढे देशाची खूण व दोन अंक जोडणे पुरेसे होते. नेदरलँड्समध्ये जुन्या क्रमांकात बँकेचा उल्लेखच नसे. त्यामुळे कोणता क्रमांक कोणत्या बँकेचा, हे आधी शोधावे लागले. जर्मनीत बँकांचे विलीनीकरण झाल्यानंतरही खातेदार जुनाच बँक संकेतांक लिहीत असत आणि बँका तो चालवून घेत असत. अशा खात्यांचा सूत्राने काढलेला आयबॅन ९७ च्या कसोटीस उतरे, पण प्रत्यक्षात त्या क्रमांकाचे खाते अस्तित्वातच नसे. म्हणून रूपांतर बँकेकडून अथवा बँकेच्या अधिकृत नियमतक्त्यावरूनच करून घ्यावे, असा सल्ला देण्यात येत होता. ज्यांनी तो मानला नाही, त्यांच्या देयकांच्या थप्प्या परत आल्या.

आयबॅनच्या जोडीला आरंभी बँकेचा बीआयसी हा आठ किंवा अकरा वर्णांचा संकेतही द्यावा लागत असे. देशांतर्गत व्यवहारांसाठी ही अट २०१४ मध्ये, तर सीमेपलीकडील व्यवहारांसाठी १ फेब्रुवारी २०१६ पासून रद्द करण्यात आली.

फाइलचा नमुना आणि १४० वर्णांची मर्यादा

दुसरा बदल बँकेकडे पाठवावयाच्या संगणकीय फाइलचा होता. सूक्ष्म उद्योग वगळता, एकगठ्ठा देयके पाठविणाऱ्या सर्व संस्थांना आयएसओ २००२२ या प्रमाणकानुसार एक्सएमएल स्वरूपातील संदेश बंधनकारक करण्यात आला. पैसे पाठविण्यासाठी ‘पेन ००१’, थेट वसुलीसाठी ‘पेन ००८’ आणि बँकेकडून येणाऱ्या खातेउताऱ्यासाठी ‘कॅम्ट ०५३’ अशी या संदेशांची नावे आहेत. मोठ्या कंपन्यांनी लेखा प्रणालीची नवी आवृत्ती घेऊन हा प्रश्न सोडविला. लहान कंपन्यांनी बँकेच्या रूपांतर सेवेवर काही काळ भागविले.

तंत्रज्ञांपेक्षा लेखापालांना अधिक जाचक ठरलेली बाब वेगळीच होती. देयकासोबत पाठवावयाच्या मजकुरास सेपा पद्धतीत १४० वर्णांची मर्यादा आहे. जर्मनीच्या जुन्या नमुन्यात प्रत्येकी २७ वर्णांच्या चौदा ओळी, म्हणजे ३७८ वर्ण, लिहिता येत असत. महिन्याभराची वीस-पंचवीस बिले एकाच रकमेत चुकती करणारा व्यापारी त्या जागेत सर्व बिलांचे क्रमांक देत असे आणि पलीकडचा लेखनिक त्यावरून येणे वजा करीत असे. १४० वर्णांत ते मावेनात. परिणामी पैसे आले, पण कोणत्या बिलाचे ते समजेना, अशा तक्रारी वाढल्या. बिलांचा तपशील स्वतंत्र पत्राने पाठविणे, किंवा प्रत्येक बिलास ठरावीक रचनेचा संदर्भ क्रमांक देऊन तोच देयकात मागणे, हे दोन मार्ग रूढ झाले. दुसरा मार्ग अधिक टिकाऊ ठरला आहे. वर्णमालेवरही मर्यादा होत्या. सर्वत्र हमखास चालणारी अक्षरे साध्या लॅटिन लिपीचीच असल्याने अनेक नावांवरील टिंबे आणि चिन्हे गळून पडली.

वसुलीचा अधिकार कोणाचा

थेट वसुलीत ग्राहकाने एकदा संमती दिली की विक्रेता आपल्या बँकेमार्फत ग्राहकाच्या खात्यातून रक्कम मागवून घेतो. या संमतीला मँडेट, म्हणजेच अधिकारपत्र, म्हणतात. भारतात कर्जाचे हप्ते किंवा विम्याची वर्गणी यांसाठी नॅच यंत्रणेत दिल्या जाणाऱ्या अधिकारपत्राशी त्याचे बरेच साम्य आहे. फरक असा की, सेपात हे पत्र वसुली करणाऱ्याने स्वतःच सांभाळावयाचे असते. काही देशांत पूर्वी ते ग्राहकाच्या बँकेकडे राहत असे. जबाबदारी अशी हस्तांतरित झाल्याने दूरध्वनी कंपन्यांपासून पाणीपुरवठा मंडळांपर्यंत सर्वांना कागदपत्रांची नवी व्यवस्था उभारावी लागली.

अधिकारपत्रावर वसुली करणाऱ्याचा ओळख क्रमांक आणि त्या पत्राचा स्वतःचा, कमाल ३५ वर्णांचा, संदर्भ क्रमांक असावा लागतो. वसुलीची रक्कम व तारीख ग्राहकास किमान १४ दिवस आधी कळवावी लागते. उभयपक्षी ठरल्यास हा अवधी कमी करता येतो. सलग ३६ महिने वसुली झाली नाही, तर अधिकारपत्र आपोआप रद्द होते. हा अखेरचा नियम वरचेवर विसरला जातो आणि तीन-चार वर्षांनी परतलेल्या ग्राहकाकडून वसुली करताना अंगाशी येतो.

सर्वांत महत्त्वाची तरतूद परताव्याची आहे. सर्वसाधारण योजनेत ग्राहक कोणतेही कारण न देता आठ आठवड्यांच्या आत पैसे परत मागू शकतो. अधिकारपत्रच नसेल किंवा ते वैध नसेल, तर ही मुदत १३ महिन्यांची होते. ग्राहकाच्या दृष्टीने हे मोठे संरक्षण आहे. विक्रेत्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, खात्यात जमा दिसणारी रक्कम आठ आठवडे पूर्णतः आपली मानता येत नाही. ज्यांचे खेळते भांडवल तुटपुंजे आहे, त्यांनी हा काळ रोखतेच्या अंदाजपत्रकात धरणे आवश्यक ठरते. व्यावसायिकांनी एकमेकांकडून करावयाच्या वसुलीसाठी वेगळी, बी-टू-बी नावाची, योजना आहे. तीत योग्य रीतीने झालेल्या वसुलीचा परतावा मागता येत नाही. मात्र देणेकऱ्याच्या बँकेने अधिकारपत्राची खातरजमा आधी केलेली असावी लागते. सहीचे पत्र फाइलमध्ये आहे, पण बँकेत नोंद नाही, अशा स्थितीत पहिलीच वसुली नाकारली जाते.

युरो क्षेत्रातील थेट वसुलीत जर्मनीचा वाटा सर्वांत मोठा असल्याने तेथील तयारी कळीची होती. लक्षावधी जुन्या संमतिपत्रांवर पुन्हा सह्या घेणे व्यवहार्य नव्हते. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील निकालानंतर बँकांनी आपल्या अटींत बदल केला आणि ९ जुलै २०१२ पासून लेखी दिलेली जुनी संमतिपत्रे सेपा अधिकारपत्रे म्हणून वापरण्याचा मार्ग मोकळा झाला. ग्राहकास नवा ओळख क्रमांक व संदर्भ क्रमांक लेखी कळविणे एवढेच वसुली करणाऱ्याकडे उरले. व्यावसायिकांमधील जुन्या पद्धतीच्या आदेशांना मात्र ही सवलत नव्हती. त्यांच्या जागी नवी बी-टू-बी अधिकारपत्रे घ्यावी लागली.

कंपन्यांच्या तयारीची चर्चा पुष्कळ झाली, पण खरी दमछाक संस्था-मंडळांची झाली. जर्मनीत क्रीडामंडळे, गायनमंडळे, अग्निशमन स्वयंसेवकांची मंडळे अशा नोंदणीकृत संस्था लाखांच्या संख्येने आहेत. सभासदांची वर्गणी थेट वसुलीने घेण्याची त्यांची जुनी पद्धत आहे. खजिनदार हा बहुधा सवड काढून काम करणारा सभासदच असतो. त्याने जर्मन मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावरून संस्थेचा १८ वर्णांचा ओळख क्रमांक मिळवावयाचा, प्रत्येक सभासदाचा आयबॅन नोंदवावयाचा, संदर्भ क्रमांक पाडावयाचे, पत्रे पाठवावयाची आणि वसुलीची सूचना चौदा दिवस आधी द्यावयाची, असे हे काम होते. मुदतवाढीची सहा महिने कोणास खऱ्या अर्थाने उपयोगी पडली असतील, तर ती या मंडळींना.

नावाची पडताळणी आणि दहा सेकंदांची देयके

९७ च्या कसोटीला एक मर्यादा आहे. क्रमांकाची रचना बरोबर आहे एवढेच ती सांगते. खाते नेमके कोणाचे, हे सांगत नाही. पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा बनावट ई-मेल पाठवून रक्कम भलत्याच खात्यात वळविण्याचे प्रकार याच उणिवेचा फायदा घेतात. २०२४ च्या तत्काळ देयक नियमाने त्यावर उपाय योजला. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातील बँकांना पैसे पाठविण्यापूर्वी लाभार्थ्याचे नाव व आयबॅन यांचा मेळ तपासून ग्राहकास विनाशुल्क कळविणे बंधनकारक झाले आहे. उत्तर चार प्रकारचे येते : नाव जुळले, जवळपास जुळले, जुळले नाही किंवा तपासणी शक्य झाली नाही. एकगठ्ठा फाइल पाठविणाऱ्या व्यावसायिकांना ही तपासणी नाकारण्याची मुभा आहे. तिचा लाभ सोडणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार ज्याने त्याने करावा. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि बँकेत नोंदणीचे दुसरे नाव, अशी परिस्थिती असलेल्या व्यापाऱ्यांनी बिलावर खात्याचे नेमके नाव छापणे आता आवश्यक झाले आहे.

याच नियमानुसार युरो क्षेत्रातील बँकांना दहा सेकंदांत पोहोचणारी देयके ९ जानेवारी २०२५ पासून स्वीकारणे आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून पाठविणे अनिवार्य झाले. ही सेवा सुटीच्या दिवशीही आणि रात्रीही चालते. तिचे शुल्क नेहमीच्या हस्तांतरणापेक्षा जास्त असता कामा नये, असेही बंधन आहे. पूर्वी शुक्रवारी संध्याकाळी केलेली चूक सोमवारी सकाळपर्यंत थांबविता येत असे. तो अवकाश आता राहिलेला नसल्याने, मंजुरीचा अधिकार कोणास आणि किती रकमेपर्यंत, हे कंपन्यांना नव्याने ठरवावे लागत आहे. पत्त्यांच्या नोंदीही सुधाराव्या लागणार आहेत. एका ओळीत सलग लिहिलेला पत्ता नोव्हेंबर २०२६ पासून स्वीकारला जाणार नाही. किमान शहर व देश स्वतंत्र रकान्यांत द्यावे लागतील.

परदेशी आयबॅन नाकारण्याची खोड मात्र अद्याप पुरती गेलेली नाही. एका देशातील खात्यावरून संपूर्ण क्षेत्रात व्यवहार करता यावा, हा सेपाचा मूळ हेतू आहे. तरीही ‘आमच्याच देशातील खाते हवे’ अशी अट घालण्याचे प्रकार घडत राहिले. थेट वसुलीने तिकिटाचे पैसे देण्यासाठी ग्राहक जर्मनीतील रहिवासी असला पाहिजे, ही जर्मन रेल्वेची अट युरोपीय न्यायालयाने ५ सप्टेंबर २०१९ रोजी नियमबाह्य ठरविली.

भारतीय उद्योगांसाठी

सेपा क्षेत्रात आज ४१ देश असून त्यांत युरो न वापरणारे स्वित्झर्लंड, नॉर्वे, तसेच युरोपीय महासंघातून बाहेर पडलेले ब्रिटनही आहे. भारत त्यात नाही. भारतीय खात्यांना आयबॅन नसतो. त्यामुळे जर्मनीतील खरेदीदाराच्या अर्जावर तो रकाना पाहून पुणे, कोइम्बतूर किंवा लुधियाना येथील निर्यातदार प्रथम गोंधळतो. त्याने बँकेचा स्विफ्ट संकेत, खाते क्रमांक आणि बँकेने सांगितल्यास मध्यस्थ बँकेचा तपशील कळवावयाचा असतो. अशी रक्कम सेपाऐवजी मध्यस्थ बँकांच्या साखळीतून येते. तीवर सेपाचे नियम लागू होत नाहीत, वाटेत शुल्क कापले जाऊ शकते आणि भारतात रकमेच्या प्रयोजनाचा संकेतांकही द्यावा लागतो. शुल्क कोणी सोसावयाचे, हे करारातच लिहून घेणे त्यामुळे इष्ट ठरते.

ज्या भारतीय कंपन्यांची युरोपात उपकंपनी आहे, त्यांना मात्र सेपाचा पूर्ण लाभ मिळतो. ॲमस्टरडॅममधील एका खात्यातून माद्रिदमधील कर्मचाऱ्याचा पगार आणि म्युनिकमधील गोदामाचे भाडे त्याच दराने देता येते. संदेशांच्या बाबतीत हा भेद आता पुसट होत चालला आहे. स्विफ्टच्या जाळ्यातील आंतरबँक देयकांसाठीही नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्या संदेशांची मुदत संपून आयएसओ २००२२ हेच प्रमाणक लागू झाले. त्यामुळे नाव, पत्ता व संदर्भ यांच्या अचूक आणि विभागवार नोंदी ही तयारी मुंबईतील निर्यातदारालाही तितकीच करावी लागत आहे. त्याच महिन्यात भारतीय रिझर्व्ह बँकेने यूपीआय आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेची टिप्स ही तत्काळ देयक यंत्रणा एकमेकींशी जोडण्याचे काम प्रत्यक्ष उभारणीच्या टप्प्यात नेत असल्याचे जाहीर केले.